ईजीआर बंद करावा का? पत्री टाकून पंधरा दिवस झाले, आता दिवा लागलाय

तापीकाठ, फैजपूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न ईजीआरचा आहे, म्हणजे सायलेन्सरकडचा थोडा जळका वायू परत इंजिनात सोडणाऱ्या वाल्वचा. माझी डिझेल सेडान २०१७ सालची, बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमाची पायरी), १ लाख ३२ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा त्रास सगळ्याच गाड्यांना येतो आणि चर्चा भलतीकडे जायला नको.

माझं काम केळीचं. सकाळी सहापासून सावदा, निंभोरा, रावेर या पट्ट्यात बागा बघत फिरायचं. पाच-सात किलोमीटर चालायचं आणि बांधावर उभं राहायचं. शेतकरी येईपर्यंत इंजिन चालू, एसी चालू. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद गाडीत बसवत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मार्चपासून पिकअप कमी होत गेला. मागे काळा धूर. अधूनमधून इंजिनचा दिवा लागायचा आणि आपोआप जायचा. मी दुर्लक्ष केलं. एप्रिलमध्ये आईला डोळे दाखवायला संभाजीनगरला नेत होतो. फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट लागला आणि गाडीने जीवच सोडला. दुसऱ्या गियरमध्येही उचलेना. मागे ट्रकची रांग, बाजूला आई, आणि मी घामाघूम. त्या दिवसाची भीती अजून मनातून गेलेली नाही.

परत आल्यावर इथल्या मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "ईजीआर चोक झालाय. पत्री टाकून बंद करून देतो, पुन्हा त्रास नाही." पाचशे रुपयांत वायूची वाट अडवणारी ब्लँक प्लेट, म्हणजेच पत्री, बसली. पहिला आठवडा गाडी खरंच हलकी वाटली. नवव्या दिवशी दिवा लागला तो आता जातच नाही. स्कॅनरवर पी-०४०१ येतो. तोच मिस्त्री आता म्हणतो की सॉफ्टवेअरमधून ईजीआर काढून टाकावा लागेल, बारा हजार लागतील.

पैसे घालायची तयारी आहे. पण हे बरोबर आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी अनुभव सांगा.

पाना_१२_१४, धुळे

भाऊ, आधी पैसे खिशात ठेवा. मी बावीस वर्षं डिझेलचं काम करतोय, आग्रा रोडवर गॅरेज आहे. तुमच्यासारखी गाडी महिन्यातून दोन-तीनदा तरी येते.

पी-०४०१ चा अर्थ एवढाच की ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) ईजीआर उघडायला सांगितला आणि अपेक्षेएवढा वायू आत आला नाही. पत्री टाकल्यावर हाच कोड येणार. ईसीयूला हे कळतं ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून. सायलेन्सरकडचा वायू आत शिरला की तेवढी ताजी हवा कमी होते. तुमच्या मापाच्या इंजिनला आयडलवर (रेस न देता इंजिन चालू) ईजीआर बंद असताना एका स्ट्रोकला साधारण ४०० मिलिग्रॅम हवा दिसते, उघडला की २५० च्या आसपास येते. पत्री असेल तर आकडा हलतच नाही. ईसीयू थोडे दिवस बघतो आणि मग दिवा लावतो.

पहिला आठवडा गाडी हलकी का वाटली, तेही सांगतो. तुमचा वाल्व काजळीने अर्धवट उघडा अडकला असणार. पूर्ण रेस देताना ईजीआर बंद राहायला हवा, कारण तेव्हा इंजिनला सगळी हवा ताजी पाहिजे. अडकलेला वाल्व घाटातसुद्धा जळका वायू आत सोडत राहतो. शिवाय टर्बो फिरवायचा वायू टर्बोच्या आधीच निसटतो. पत्रीने ती गळती बंद झाली म्हणून बरं वाटलं. वाल्व साफ केला असता तरी तेवढंच बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. काजळी ईजीआरमध्ये *दिसते*, पण ती तिथे *तयार* होत नाही. ती सिलिंडरमध्ये तयार होते. एवढी काजळी का होतेय हे कोणी बघितलं का? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्यांत मूळ दुखणं दुसरंच निघतं. कुठे इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) होज फाटलेला, कुठे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर काजळीचा थर, कुठे इंजेक्टर ठिबकतोय, तर कुठे एअर फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने गच्च.

स्कॅनर लावून दोन गोष्टी बघा आणि इथे लिहा. पहिली, चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅप सेन्सर किती दाखवतो? आपल्या भागात ९८-९९ किलोपास्कलच्या जवळ यायला हवा, म्हणजे बाहेरच्या हवेएवढा. दुसरी, चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण रेस देऊन मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट. आकडे शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा, तुम्ही रस्ता बघा.

जुनी_जीप, पारोळा

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. माझी युटिलिटी गाडी बीएस-३ ची, व्हॅक्यूमवर चालणारा साधा ईजीआर. सहा वर्षांपूर्वी पत्री टाकली. दिवा नाही, कोड नाही, इंजिन अजून ठणठणीत. ऑइल पूर्वी हजार किलोमीटरला डांबरासारखं व्हायचं, आता बराच काळ स्वच्छ राहतं. पीयूसीत धूर आधीपेक्षा कमी आला. मग नुकसान कुठे झालं ते सांगा. आपल्या उन्हात जळका गरम वायू परत इंजिनात घालणं मला पटत नाही.

रसायन_अमळनेर

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, गाडीतलं फार कळत नाही. पण जुनी_जीप भाऊंच्या "नुकसान कुठे" या प्रश्नाचं उत्तर माझ्या विषयात आहे.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशाशीही फारसा बोलत नाही. पण डिझेलच्या ज्वाळेत तापमान फार चढलं की तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. तापमान थोडं वाढलं तरी ही क्रिया कितीतरी जोरात होते. ईजीआर ऑक्सिजन थोडा कमी करतो. जळक्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता पोटात घेतात, म्हणून ज्वाळेचा पारा उतरतो. म्हणजे "गरम वायू आत घातला तर जास्त तापेल" हा अंदाज ज्वाळेपुरता बरोबर उलटा आहे.

पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर बघतात, प्रकाश किती अडतो ते. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजतच नाहीत. पत्री टाकल्यावर काजळी कमी होते, कागद चांगला येतो, आणि जे वाढलं ते कुणाला दिसत नाही. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला चुरचुरवतो, दमेकऱ्याला जास्त. कडक ऊन पडलं की याच वायूंपासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. आणि कडक उन्हाची आपल्याकडे काय कमतरता आहे?

बीएस-३ डिझेल कारला किलोमीटरमागे अर्धा ग्रॅम मुभा होती, बीएस-४ ला पाव ग्रॅम, बीएस-६ ला ०.०८ ग्रॅम. इतक्या वर्षांत एवढं खाली आणलेलं आपण पाचशे रुपयांच्या पत्र्याने परत वर नेतो. २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं प्रकरण गाजलं ते याच वायूंवरून: चाचणीत नियंत्रण चालू, रस्त्यावर ढिलं. माझा मुलगा दम्याचा पंप घेऊन शाळेत जातो. शाळेच्या फाटकापाशी दुपारी गाड्या चालू ठेवून उभ्या असतात, त्या रांगेतून तो घरी येतो. म्हणून मी हे तळमळीने लिहितेय, राग मानू नका.

नंदुरबारी

बारा हजारांच्या सॉफ्टवेअरबद्दल मी सांगतो, कारण मी ते करून बसलोय.

गाडी बीएस-६, डीपीएफवाली (एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर). एका ट्यूनरने (नाव घेत नाही) ईजीआर बंद असलेली फाइल टाकून दिली. दोन महिने मस्त. मग डीपीएफचा दिवा. डीपीएफमधली काजळी जाळायला एक्झॉस्टचं तापमान सहाशे अंशांपर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी ईसीयू उशिरा डिझेल मारतो आणि हवा, थ्रॉटल, ईजीआर सगळं एकत्र जुळवतो. त्यातला एक पाय काढला की बाकीचं गणित हलतं. माझं बर्निंग अर्धवट व्हायचं, परत सुरू व्हायचं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसली. ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे, आणि पातळ ऑइलवर टर्बोची बेअरिंग जातात.

मूळ फाइल परत टाकली, ऑइल बदललं, स्कॅनरवरून बर्निंग करून घेतलं. वॉरंटी मात्र गेली. बीएस-६ ला हातच लावू नका.

पांझरा

भाऊ, मनी गाडीनं बी हाईच दुखनं शे. चढावर दम लागस, मांगे काया धूर. मिस्तरी म्हणस पत्री टाकी देऊ. मी थांबेल शे. वाचस.

एमएच१९

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९० (२) वेगळं, तिथे १०,००० पर्यंत. रस्त्यावर बॉनेट उघडून कोणी पत्री शोधत नाही हे मलाही माहीत आहे. पण गाडी विकताना घेणारा स्कॅनर घेऊन येतो, आणि तिथे भाव पडतो.

पाना_१२_१४

ताईंनी जे लिहिलं ते मला बावीस वर्षांत कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. खरं सांगतो, सुरुवातीच्या काळात मीही पत्र्या टाकल्यात. गिऱ्हाइक खूश, काम अर्ध्या तासाचं. आता टाकत नाही. कोणी हट्ट धरला तर दुसरीकडे जा म्हणतो.

जुनी_जीप भाऊ, तुमच्या गाडीत दिवा लागला नाही कारण त्या ईसीयूला वायूचा हिशेब ठेवायची सोयच नाही. तुमचं ऑइल स्वच्छ राहतं हेही खरंच. मात्र गरम होण्याचा दोष ईजीआरला देऊ नका. जोर लागतो तेव्हा तो बंदच असतो. आपल्याकडे गाडी तापते ती बहुतेक रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये अडकलेल्या कचऱ्याने. जिनिंगच्या हंगामात रस्त्यावर कापूस उडतो, तो जाळीत बसतो, वर धूळ चिकटते आणि नमद्यासारखा थर होतो. बाहेरून दिसत नाही. दोन्हींच्या मध्ये बॅटरी मारून बघा.

जुनी_जीप

जाळी उद्याच बघतो. दम्याचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, ताई. माझ्या गाडीचं काय करायचं ते सवडीने ठरवतो, पण दुसऱ्याला पत्री टाका असं आता सांगणार नाही.

तापीकाठ (धागाकर्ता)

उशीर झाला, माफ करा. गाडी भुसावळला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी पाना दादांनी सांगितलेलेच आकडे आधी बघितले. चावी ऑनवर मॅप ९८, म्हणजे सेन्सर ठीक. चढावर मात्र इंजिन मागत होतं २२० किलोपास्कल आणि मिळत होतं १६०.

मग त्यांनी खालचं कव्हर काढलं. इंटरकूलरकडून येणाऱ्या होजच्या क्लॅम्पखाली बोट फिरवलं आणि मला दाखवलं, ऑइलने ओलं. होज वरून धडधाकट दिसत होता. पिळल्यावर क्लॅम्पच्या कडेला बोटभर चीर उघडली, ओठ उघडावेत तशी. उभ्या गाडीला ती बंद राहते. घाटात दाब आला की उघडते. सेन्सरने मोजलेली हवा त्या चिरेतून बाहेर, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पूर्ण, म्हणून काळा धूर. तीच काजळी ईजीआरमध्ये. पत्री टाकून मी ती चीर तशीच घेऊन फिरत होतो. आई पुन्हा त्या घाटात माझ्या शेजारी बसली असती.

दुसरी चूक माझ्या डोळ्यांसमोरची. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्याही वर होतं. मागच्या सर्व्हिसला पूर्ण कॅन ओतला होता आणि मी बघितलं नव्हतं. जास्तीच्या ऑइलची वाफ ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ सोडणारी नळी) इनटेकला, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेला, जाते आणि कोरडी काजळी तिच्यात कालवली जाते.

मग ईजीआर काढला. वाल्वच्या तोंडात दोन बोटं जायला हवीत, माझी करंगळी जात नव्हती. काजळी कोरडी नाही, कुळकुळीत आणि चिकट, लोण्याच्या गोळ्यात काजळ मळावं तशी. मिस्त्रींनी चाकूच्या टोकाने पहिला पापुद्रा काढला तर तो सरळ तुटला, आणि आत झाडाच्या खोडासारखे थर. बघून पोटात कसंतरी झालं.

मोटरचा भाग वर धरून फक्त वाल्वचं तोंड रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं. सकाळी पितळी ब्रश. शेजारचा पोरगा कॉस्टिकचं पाणी घेऊन आला होता, मिस्त्री त्याच्यावर ओरडलेच, "ॲल्युमिनियम आहे रे, खाऊन टाकेल!" मॅनिफोल्डच्या तोंडात आधी कापड कोंबलं, म्हणजे खरवडलेला तुकडा इंजिनात जाणार नाही. पत्री काढली, नवीन गॅस्केट, नवीन होज, ऑइल आणि फिल्टर. शेवटी स्कॅनरवरून वाल्वची बंद-उघडी जागा ईसीयूला पुन्हा शिकवली. सगळे मिळून सहा हजार आठशे. दिवा गेला. आयडलवर हवा ४१० वरून २६० वर येताना मी स्वतः बघितली.

पाना_१२_१४

छान काम झालं. त्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा.

आता सवयीचं. तुमचा बांधावरचा अर्धा तास हाच काजळीचा अर्धा तास. आयडलला आणि हलक्या रेसवर ईजीआर सर्वात जास्त उघडा असतो, एक्झॉस्ट थंड असतो, काजळी ओली राहते. शक्य असेल तिथे इंजिन बंद करा, झाड शोधा. आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेवर काढा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं एक गियर खाली ठेवून अडीच हजार आरपीएमवर चालवा. जमलेला दगड त्याने निघत नाही, पण नवीन थर बसायचा वेग कमी होतो.

आणि कृपा करून चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये स्प्रे मारू नका. व्हिडिओ बघून लोक करतात. डिझेल इंजिनाला जळणारं काहीही मिळालं की ते पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही.

रसायन_अमळनेर

तापीकाठ भाऊ, पत्री काढल्याबद्दल मनापासून आभार. बांधावर इंजिन बंद ठेवाल तर शेतात काम करणाऱ्या बायकांनाही तेवढंच बरं. त्या गाडीच्या मागच्या सावलीत बसलेल्या असतात, मी पाहिलंय.

तापीकाठ (धागाकर्ता)

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. आईला परत संभाजीनगरला नेलं. तोच घाट, एसी चालू, चार माणसं, तिसऱ्या गियरमध्ये चढली. आरशात मागे बघत होतो, धूर नाही. परवा होज सोडून लहान आरशाने वाल्वचं तोंड बघितलं. करड्या रंगाची कोरडी पातळ पूड आहे, बोटाला लागते आणि झटकली की जाते.

ताई, बायका गाडीमागे बसतात हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं. आता बागेत गेल्यावर इंजिन बंद करतो आणि मीही केळीच्या सावलीत जाऊन बसतो. तिथे गाडीतल्यापेक्षा बरं असतं.

पांझरा

पाना दादा, रविवारे गाडी लई येसू. चाली का? पत्री टाकेल नही.

पाना_१२_१४

ये भाऊ. सकाळी लवकर ये, आणि आल्याबरोबर हात घालणार नाही, इंजिन थंड व्हायला तास-दीड तास जाईल. मागच्या सर्व्हिसचं बिल असेल तर आण, ऑइल किती ओतलं ते बघू. होज आधी तपासू, ईजीआर नंतर.